घरांच्या थ्रीडी कामासाठी ग्राफिक्स कार्ड: १०६०, ५८०, ३०६० आणि ४०६० एकाच मशीनवर

शनिवार, ५ एप्रिल २०२५

सांगलीत आमचं छोटं ऑफिस आहे. आर्किटेक्ट लोकांना घरांचे थ्रीडी देखावे आणि वॉकथ्रू (घरातून फिरल्यासारखी चित्रफीत) करून देतो. माणसं दोन, मशीनं दोन. पाडव्याला एका बंगलो स्कीमचं काम आलं आणि त्यात झाडंच झाडं. रेंडर मशीनमधलं (सीनपासून अंतिम चित्र काढणाऱ्या मशीनमधलं) जीटीएक्स १०६० (६ जीबी) इतकी वर्षं निभावून नेत होतं, पण या सीनला ते पुरत नाही. नवीन कार्ड घ्यायचं आहे. नुसत्या खोक्यावरच्या आकड्यांवर पैसे घालायचे नाहीत, म्हणून आधी हाती येतील ती कार्डं याच मशीनवर लावून बघणार आणि जे दिसेल ते इथे लिहीत जाणार.

मशीन असं: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, ४५० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा). बोर्डाचा मुख्य स्लॉट पीसीआयई ३.० आहे (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या रस्त्याची तिसरी पिढी). ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

चार कार्डांचे कागदावरचे आकडे (कोअर म्हणजे गणित करणारी युनिट, जीबी म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, बिट म्हणजे त्या मेमरीच्या रस्त्याची, म्हणजे बसची रुंदी, सेकंदाला जीबी म्हणजे तिचा वेग, बँडविड्थ):

जीटीएक्स १०६० (२०१६): १२८० कोअर, ६ जीबी जीडीडीआर५, १९२ बिट, सेकंदाला १९२ जीबी, १२० वॉट.
आरएक्स ५८० (२०१७): २३०४ कोअर, ८ जीबी जीडीडीआर५, २५६ बिट, सेकंदाला २५६ जीबी, १८५ वॉट.
आरटीएक्स ३०६० (२०२१): ३५८४ कोअर, १२ जीबी जीडीडीआर६, १९२ बिट, सेकंदाला ३६० जीबी, १७० वॉट.
आरटीएक्स ४०६० (२०२३): ३०७२ कोअर, ८ जीबी जीडीडीआर६, १२८ बिट, सेकंदाला २७२ जीबी, ११५ वॉट.

नुसतं हे वाचलं तर ३०६० हे ४०६० पेक्षा सगळ्यात वरचढ दिसतं: कोअर जास्त, मेमरी जास्त, बस रुंद. पण वेगळ्या पिढ्यांचे कोअर असे शेजारी मांडता येत नाहीत. ४०६० चं क्लॉक (कोअर चालण्याचा वेग) बरंच वर चालतं (बूस्ट २४६० मेगाहर्ट्झ, ३०६० चं १७७७), त्यामुळे टेराफ्लॉप्सचा (सेकंदाला किती लाख कोटी दशांश गणितं) हिशेब केला की चित्र उलटं होतं: ३०६० ला १२.७ आणि ४०६० ला १५.१. बस अरुंद आहे, ती कसर एल२ कॅश (चिपमधली छोटी, वेगवान मेमरी) भरून काढते. ३०६० मध्ये ती ३ एमबी आहे, ४०६० मध्ये २४ एमबी. आणि ३०६० च्या पिढीत एनव्हिडियाने पूर्णांकांचं गणित करणाऱ्या युनिटनाही दशांशाचं गणित करता येईल अशी सोय केली, तेव्हापासून एका एसएममध्ये (चिपमधल्या कोअरच्या एका गटात) मोजले जाणारे कोअर दुप्पट झाले. म्हणून २०६० चे १९२० आणि ३०६० चे ३५८४ ही वाढ कागदावर दिसते तेवढी प्रत्यक्षात नाही.

सोमवार, ७ एप्रिल

जुन्या १०६० ची आधाररेषा काढायला बसलो. सकाळी काढलेला वेळ आणि दुपारी काढलेला वेळ जुळेना. सीन तोच, सेटिंग तीच. एचडब्ल्यूइन्फो (मशीनचे चालू आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून क्लॉक बघितलं तेव्हा कारण कळलं. सकाळी खोली २८ अंशांवर होती, दुपारी ३६ वर. कार्ड तापत जातं तसं जीपीयू बूस्ट (कार्डाचं क्लॉक आपोआप ठरवणारी सोय) टप्प्याटप्प्याने क्लॉक खाली आणतं, ८३ अंशांची मर्यादा येण्याची वाट बघत नाही. एप्रिलमध्ये एसी नसलेल्या खोलीत कार्डांची तुलना करायची तर खोलीचं तापमान हाही एक आकडा आहे. सकाळचं १०६० आणि दुपारचं ३०६० यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

आजचे सगळे आकडे रद्द. यापुढचा नियम: चाचणी संध्याकाळी सातनंतर, खिडकी आणि पंखा रोज तसेच, टेबलावर थर्मामीटर, आधी पंधरा मिनिटं रेंडर चालवून कार्ड गरम करायचं आणि मग मोजायचं.

मंगळवार, ८ एप्रिल

चाचणीचे सीन ठरवले. ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) ४.२ एलटीएस, सायकल्स (त्यातलं रेंडर इंजिन), १९२० बाय १०८०, ५१२ सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलचा रंग तितक्यांदा मोजायचा). नॉइज थ्रेशोल्ड बंद आणि डीनॉइजही (चित्रातला दाणेदारपणा पुसणं) बंद. थ्रेशोल्ड चालू असला तर प्रत्येक पिक्सेलला किती सॅम्पल पडतील ते ब्लेंडर स्वतः ठरवतं, आणि डीनॉइजचा वेळ रेंडरमध्ये मिसळतो. रोजच्या कामात दोन्ही हवेत, मोजताना नकोत.

पहिला सीन ‘दिवाणखाना’, मेमरी साधारण ४ जीबी. दुसरा सीन ‘स्कीम’ म्हणजे ज्यावरून हा सगळा खटाटोप सुरू झाला तो. १० जीबीच्या आसपास.

नवीन कार्ड किंवा नवीन ब्लेंडर असेल तर पहिलं रेंडर मोजू नये. त्या वेळी ब्लेंडर कर्नल (कार्डावर चालणारे रेंडरचे प्रोग्रॅम) लोड करत बसतं आणि तो वेळ निकालात धरला जातो. खाली ‘लोडिंग रेंडर कर्नल्स’ येऊन गेलं की त्यानंतरचं रेंडर खरं.

१०६० वर ‘दिवाणखाना’: १४ मिनिटं १० सेकंद. ‘स्कीम’ उघडते, पण रेंडर सुरू झालं की मेमरी संपल्याचा लाल संदेश येतो.

शनिवार, १२ एप्रिल

आरएक्स ५८०. एका जुन्या कॉम्प्युटरच्या व्यापाऱ्याकडून ५,५०० ला आणलं. ८ जीबी मेमरी एवढ्या पैशात मिळते म्हणून लोक विचारतात, तेव्हा सविस्तर लिहितो.

कार्ड लावलं, जीपीयू-झी (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं. नाव आरएक्स ५८०, पण ‘शेडर्स’च्या (म्हणजे कोअरच्या) चौकटीत आकडा २०४८. खऱ्या ५८० ला तिथे २३०४ यायला हवं. हे २०४८एसपी नावाचं रूप आहे. २०१८ मध्ये मुख्यतः चीनच्या बाजारासाठी ते निघालं आणि आतून ते आरएक्स ५७० च्या जवळचं आहे. कार्ड बनावट नाही, पण ५८० म्हणून विकायचंही नाही. खोक्यावर आणि पंख्यांच्या झाकणावर नुसतं ५८० छापलेलं होतं. जुनं कार्ड घेताना पैसे देण्याआधी समोर जीपीयू-झी चालवायला सांगा, आणि नावाकडे नाही तर शेडर, बसची रुंदी आणि मेमरीचा प्रकार या तीन चौकटींकडे बघा. नाव एकच आणि आतला माल वेगळा, असं एएमडी (५८० वाली) आणि एनव्हिडिया (बाकी तिन्ही कार्डांची) या दोन्ही कंपन्यांत आहे. १०६० चं ३ जीबीचं रूप कोअरमध्येही कमी आहे (११५२). ३०६० चं ८ जीबीचं रूप १२८ बिटचं आहे. जीटी १०३० चं डीडीआर४ वालं रूप तर जीडीडीआर५ वाल्याच्या एक तृतीयांश बँडविड्थचं आहे.

आमच्यासाठी मात्र ५८० चा प्रश्न मुळातच मिटला. ब्लेंडर ३.० पासून ओपनसीएल (एएमडी कार्डांवर रेंडर करायची जुनी पद्धत) काढून टाकलं. एएमडीसाठी त्याच्या जागी एचआयपी आलं आणि त्यात ५८० ची पिढी बसत नाही. प्रेफरन्सेसमध्ये सायकल्ससाठी हे कार्ड दिसतच नाही आणि रेंडर प्रोसेसरवर जातं. गेम खेळायला ते आजही चालेल, ब्लेंडरसाठी घेऊ नका. परत करताना व्यापाऱ्याने ५०० कापले.

सोमवार, १४ एप्रिल

सुट्टी. कोल्हापूरच्या एका गेम खेळणाऱ्या मुलाकडून ३०६० (१२ जीबी) १६,००० ला घेतलं. घेण्याआधी त्याच्याच मशीनवर जीपीयू-झी बघितलं: ३५८४, १९२ बिट, १२ जीबी. सगळं बरोबर.

ऑफिसात लावल्यावर आधी डीडीयूने सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पूर्ण काढला. ५८० काढल्यावर एएमडीचे अवशेष उरले होते आणि मशीन दर थोड्या वेळाने अडखळत होतं. डीडीयूनंतर ते थांबलं. कार्ड बदललं की हे दर वेळी करायचं, वीस मिनिटं जातात.

रेंडर सुरू केलं. पंखे लगेच पूर्ण वेगाने. जीपीयूचं तापमान ७९ आणि हॉटस्पॉट (चिपमधली सगळ्यात गरम जागा) १०५. या दोन आकड्यांतलं अंतर निरोगी कार्डात दहा-पंधरा अंशांचं असतं. इथे सव्वीस. म्हणजे कूलर चिपवर नीट बसलेला नाही, किंवा चिप आणि कूलर यांच्यामधली पेस्ट वाळली आहे.

बुधवार, १६ एप्रिल

कार्ड उघडलं. मागचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरके तिरके, थोडे थोडे सैल केले. पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती आणि चिपच्या मधून कडेला ढकलली गेली होती. मेमरीवरचे, उष्णता कूलरकडे नेणारे पॅड तेलकट होऊन तुटत होते, म्हणून तेही बदलायचे ठरवले. बाजारात दोन मिलिमीटरचे पॅड मिळाले, ते लावले.

ते चुकीचे ठरले. रेंडर सुरू करून मिनिटही झालं नाही तोवर तापमान ९५. लगेच बंद केलं. पुन्हा उघडल्यावर कूलरच्या तळाला नवीन पेस्टचा ठसा फक्त एका कोपऱ्यात उमटलेला, बाकी तांबं कोरडं. जाड पॅडनी कूलर वर उचलून धरला होता आणि चिपला तो टेकतच नव्हता. मूळ पॅड किती जाडीचा होता ते मोजताना दबलेल्या भागावर मोजायचं नाही. चिपच्या बाहेर राहिलेला, न दबलेला कोपरा शोधायचा आणि तिथे व्हर्नियर लावायचा. आमच्या कार्डात तो दीड मिलिमीटरचा निघाला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ३०६० मध्ये जाडी वेगळी असते, म्हणून माझा आकडा उचलू नका, तुमचा मोजा.

दीड मिलिमीटरचे पॅड पुण्याहून मागवले. पॅड आणि पेस्ट मिळून १,१५०, पैकी जाड पॅडचे ३५० वाया.

रविवार, २० एप्रिल

पॅड आले, बसवले. आता जीपीयू ७१, हॉटस्पॉट ८३. पंख्यांचा आवाज शेजारच्या टेबलावर जाणवत नाही.

‘दिवाणखाना’ २ मिनिटं ५० सेकंद. १०६० पेक्षा पाचपट वेग. टेराफ्लॉप्सच्या हिशेबाने तिपटीच्या थोडं खाली यायला हवं होतं (४.४ विरुद्ध १२.७), आणि खेळांमध्ये लोकांना साधारण दुप्पट मिळतो. कार्डं तीच दोन, पण प्रमाणं तीन. ब्लेंडरमध्ये जास्त मिळतं, कारण ३०६० मध्ये प्रकाशकिरण कुठे आदळतो ते शोधणारं वेगळं हार्डवेअर आहे आणि ब्लेंडर ऑप्टिक्समधून (एनव्हिडियाची किरणांसाठीची पद्धत) ते वापरतं. १०६० वर तेच काम साध्या कोअरना करावं लागतं. प्रेफरन्सेसमध्ये कुडा (एनव्हिडियाची साध्या कोअरवर चालणारी पद्धत) निवडलेलं राहिलं तर हा फायदा मिळत नाही. ३०६० वर तेही करून बघितलं, वेळ स्पष्टपणे वाढला. आरटीएक्स कार्ड लावल्यावर ऑप्टिक्सवर खूण केली का, ते आधी बघा.

‘स्कीम’ पहिल्यांदाच या मशीनवर पूर्ण झाली: ६ मिनिटं ४० सेकंद. भागीदार मागे उभी राहून बघत होती. तिने लगेच विचारलं, “मग ४०६० बघायचं कशाला?” बघायचं, कारण नवीन कार्डाला वॉरंटी असते आणि हे जुनं आहे.

शनिवार, २६ एप्रिल

मामेभावाने त्याचं आरटीएक्स ४०६० आठवड्यासाठी दिलं. नवीन घ्यायचं तर इथल्या दुकानात २९,५०० सांगितलेत.

‘दिवाणखाना’: २ मिनिटं १५ सेकंद. ३०६० पेक्षा सव्वापट वेग, तोही ५५ वॉट कमी खाऊन. कार्ड ६३ अंशांच्या वर गेलं नाही. एसी नसलेल्या खोलीत याचं मोल फार आहे.

मग ‘स्कीम’. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर दोन आलेख असतात, डेडिकेटेड आणि शेअर्ड मेमरी. डेडिकेटेड ८ जीबीच्या जवळ जाऊन सपाट झाला आणि शेअर्ड चढायला लागला. म्हणजे सीनचा उरलेला भाग मशीनच्या रॅममध्ये गेला आणि कार्ड तो स्लॉटमधून ओढून आणतंय. एक फ्रेम सतरा मिनिटांना निघाली. दुसऱ्या फ्रेमला मेमरी संपल्याचा संदेश येऊन रेंडर थांबलं.

पीसीआयई ३.० चा मुद्दा इथे येतो. ४०६० चा कनेक्टर सोळाचा दिसतो, पण कार्ड आठच लेन (डेटाच्या समांतर वाटा) वापरतं. पीसीआयई ४.० बोर्डावर आठ लेन म्हणजे सेकंदाला साधारण १६ जीबी. आमच्या ३.० बोर्डावर त्याच आठ लेन साधारण ८ जीबी देतात. ३०६० ला सोळा लेन मिळतात, म्हणजे इथेही १६. आणि कार्डाची स्वतःची मेमरी २७२ देते. सीन मेमरीत मावला तर लेनचा फरक नगण्य, हे ‘दिवाणखान्या’ने दाखवलंच. एकदा बाहेर सांडला की कार्ड २७२ वरून ८ वर येतं.

लेन तपासताना एक लक्षात ठेवा. जीपीयू-झी मध्ये बस इंटरफेसपुढे १.१ दिसलं तर घाबरू नका. कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला वेग उतरवतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून भार द्या, मग खरा आकडा येतो. भार देऊनही चारच लेन दिसल्या तर कार्ड खालच्या स्लॉटमध्ये आहे.

रविवार, २७ एप्रिल

४०६० ला न्याय मिळावा म्हणून ‘स्कीम’ हलकी करून बघितली. एक ४के टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र) मेमरीत किती जागा घेतं? ४०९६ गुणिले ४०९६ गुणिले ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी. मूळ जेपीजी फाइल ३ एमबीची असली तरी मेमरीत ती उलगडून ६४ होते. सोळा टेक्श्चर म्हणजे १ जीबी. २के केली की प्रत्येक १६ एमबीवर येतं. झाडांच्या सालींची, गवताची, लांबच्या कंपाउंडची टेक्श्चर २के केली, दोन झाडांच्या प्रती सुट्या मेश (वेगवेगळे पूर्ण आकार) होत्या त्या इन्स्टन्स केल्या, म्हणजे मेमरीत एकच आकार आणि सगळ्या प्रती तोच वापरतात. सीन ७ जीबीच्या खाली आला. विंडोज आणि दोन मॉनिटर मिळून जवळपास १ जीबी खातात (३६०० मध्ये अंतर्गत ग्राफिक्स नाही, सगळा भार कार्डावरच), म्हणून ८ जीबीचं कार्ड हातात सातचंच धरायचं. ब्राउझरही बंद ठेवला.

हलक्या सीनवर ४०६० ने ५ मिनिटं २० सेकंद घेतले. म्हणजे पुन्हा ३०६० च्या पुढे. पण अर्धा दिवस यात गेला, आणि पोर्चच्या जवळच्या फ्रेममध्ये दगडी भिंतीचा पोत पुसट झाला. आर्किटेक्ट नेमकं तिथेच बोट ठेवतात. तो दगड परत ४के केला.

इन्स्टन्सची सुधारणा मात्र दोन्ही कार्डांना उपयोगी आहे आणि आधीच करायला हवी अशी आहे. त्यावर एक दिवस देणं कार्ड बदलण्याइतकंच फळ देतं.

मंगळवार, २९ एप्रिल

विजेचा हिशेब. भिंतीच्या प्लगला लावायचा वॅट मीटर ९०० ला आणला. ‘दिवाणखाना’ रेंडर होताना पूर्ण मशीन, मॉनिटर सोडून: १०६० वर २०५ वॉट, ३०६० वर २६५, ४०६० वर २००.

नुसते वॉट बघून ३०६० पेक्षा १०६० स्वस्त वाटेल. वेळेने गुणलं की एका फ्रेमला १०६० ४८ वॉट-तास खातं, ३०६० साडेबारा आणि ४०६० साडेसात. हजार फ्रेमला म्हणजे ४८, १२.५ आणि ७.५ युनिट. ५१२ सॅम्पलवर वॉकथ्रू कोणी काढत नाही, पण प्रमाण तेच राहतं. जुनं कार्ड फुकट असतं असं समजू नये. आणि ३०६० व ४०६० मधला फरक हजार फ्रेममागे पाच युनिट आहे, किमतीतल्या साडेतेरा हजारांपुढे तो फार लहान.

मामेभावाच्या आग्रहाने दोन्ही कार्डांवर त्याचा गेमही १०८० पीवर लावला. सुरुवातीला दोन्हीकडे सेकंदाला अगदी ६० फ्रेम. मॉनिटर ६० हर्ट्झचा आणि व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) चालू, म्हणून कार्डाची ताकद दिसतच नव्हती. व्हीसिंक बंद केल्यावर ४०६० सरासरीत साधारण पाचव्या हिश्श्याने पुढे. सरासरीसोबत १ टक्का लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडाही घ्या. कॅपफ्रेमएक्स हे सॉफ्टवेअर तो देतं, आणि गेम अडखळतो की नाही ते त्यातून कळतं. त्याच्यासाठी ४०६० च बरोबर आहे, हे त्याला सांगितलं.

रविवार, ४ मे

३०६० ठेवायचं ठरलं. आमचे सीन आठ ते दहा जीबीच्या पट्ट्यात असतात, आणि तिथे १२ जीबी हा एकच आकडा बाकी सगळ्यांवर मात करतो. एखाद्याचे सीन पाच जीबीत बसत असतील तर त्याने माझं ऐकू नये, सरळ ४०६० घ्यावं. व्हिडिओ एन्कोडिंग एव्ही१ (व्हिडिओ लहान करून साठवण्याचा एक प्रकार) मध्ये करायचं असेल तरीही ४०६० च. ३०६० एव्ही१ वाचतं, पण लिहीत नाही.

एसएमपीएस ५५० वॉटचा घेतला, ४,२००. ४५० वर चाचण्या पार पडल्या, पण कंपनी ३०६० साठी ५५० सांगते, आणि रात्रभर माणूस नसताना चालणाऱ्या मशीनवर ती जोखीम नको.

आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट ८० टक्के केली. ‘दिवाणखाना’ २ मिनिटं ५० वरून २ मिनिटं ५८ वर गेला, म्हणजे पाच टक्के हळू. त्या बदल्यात कार्डाचे ३० वॉट वाचले आणि तापमान सहा अंशांनी उतरलं. उन्हाळाभर असंच ठेवणार.

एकूण खर्च: कार्ड १६,०००, पॅड-पेस्ट १,१५०, एसएमपीएस ४,२००, मीटर ९००, ५८० वर गेलेले ५००. बेरीज २२,७५०. १०६० भागीदाराच्या मशीनवर मॉडेलिंगसाठी गेलं.

मंगळवार, २० मे

काल आरटीएक्स ५०६० बाजारात आलं. ३८४० कोअर, जीडीडीआर७, सेकंदाला ४४८ जीबी, १४५ वॉट. मेमरी परत ८ जीबी आणि लेन परत आठ, फक्त पीसीआयई ५.० च्या. आमच्या ३.० बोर्डावर ‘स्कीम’ त्यात मावणार नाही, तेव्हा चाचणीसाठी आणत नाही. गेल्या महिन्यात आलेल्या ५०६० टीआयचं १६ जीबीचं रूप मात्र बघायचं आहे. त्यालाही लेन आठच, पण सांडायची वेळ येणार नाही.

स्कीमचा वॉकथ्रू शुक्रवारी दिला. रेंडर रात्री लावलेलं सकाळी पूर्ण असायचं, मेमरीचा संदेश एकदाही आला नाही.